फोडणी नेहमीप्रमाणे

दरवर्षी जून संपत आला की आमच्या मराठी ग्रंथालयात आया येऊ लागतात. कुणाची मुलगी, कुणाचा मुलगा एमएस करायला अमेरिकेला निघालेला असतो, आणि ज्या लेकराला बावीस वर्षांत गॅसजवळ फिरकू दिलं नाही त्याला महिन्याभरात स्वयंपाक शिकवणारं पुस्तक त्यांना हवं असतं. “बिगिनरसाठी काहीतरी द्या ना,” म्हणतात. मी कपाट दाखवते. त्या हमखास सगळ्यांत जाड पुस्तक उचलतात. हजार पाककृती, गुळगुळीत कागद, मुखपृष्ठावर केशर पेरलेलं काहीतरी. पोराला साधा भात येत नाही आणि आई त्याच्या बॅगेत एकवीस प्रकारचे पुलाव भरून पाठवते. त्यातून ते पोर घरात मराठी बोलत असलं तरी वाचायला दिलं की त्याला घाम फुटतो, हे आईला पक्कं माहीत असतं. तरी पुस्तक जातं. नियम पंधरा दिवसांचा आहे, पण परत येतं वर्षा-दोन वर्षांनी, कोरं करकरीत, आत खूण म्हणून विमानाच्या बॅगेची चिठ्ठी.

मी हल्ली पुस्तकाबरोबर एक पेन्सिल देते. आया हसतात, पेन्सिल पर्समध्ये टाकतात आणि ती कशासाठी हे विचारत नाहीत. भालेराव असते तर त्यांनी हसू दिलं नसतं. पुस्तक त्या बाईच्या हातातून काढून घेतलं असतं, भाताचं पान उघडलं असतं आणि म्हटलं असतं, “यात पाणी किती सांगितलंय ते दाखवा. मग न्या.”

भालेराव देगलूरकडचे. इथं हैदराबादेत गौलीगुड्याजवळच्या एका कॉलेजात ते रसायनशास्त्राच्या प्रयोगशाळेत सहायक होते आणि मी तिथंच ग्रंथपाल. अंगानं वाळके, उंच, शर्टाच्या खिशात कायम दोन पेन्सिली. पेन नाही. पेननं प्राध्यापक लिहितात, असं ते म्हणायचे, आणि हे कौतुकानं म्हणत नसत. एखादी गोष्ट पटली नाही की ते वाद घालायचे नाहीत. नाकातून फक्त “हं” असा आवाज काढायचे. त्या एका आवाजानं आमच्या कॉलेजातल्या बऱ्याच डॉक्टरेट झालेल्या माणसांचा दिवस खराब केला आहे.

प्रयोगवह्या तपासणं हे काही त्यांचं काम नव्हतं. तपासायचे प्राध्यापक, म्हणजे सही करायचे. पण वह्या सहीला जाण्याआधी भालेरावांच्या टेबलावरून जात, आणि तिथं त्या अडकत. साहित्य, कृती, निरीक्षण, अनुमान. पहिल्या दोन रकान्यांकडं ते बघतही नसत. ते पुस्तकातून उतरवलेलं असणार हे धरूनच चालत. निरीक्षणावर मात्र बोट ठेवायचे. एकदा एका मुलानं ‘पांढरा साका आला’ असं लिहिलं होतं. भालेरावांनी त्याची परीक्षानळी मागवली, उजेडाकडं धरली.

“ये सफेद है?”

“सर, किताब में सफेदच लिखे हैं.”

“किताब में देख के लिखे. नली में कब देखे जी?”

नळीतलं पाणी स्वच्छ होतं. साका आलाच नव्हता. प्राध्यापक म्हणाले, जाऊ द्या हो, मार्क देऊन टाकू. भालेराव “हं” म्हणाले आणि वही त्या मुलाच्या हातात परत दिली. त्यांचं म्हणणं एवढंच होतं, की साका आला नाही तर ‘आला नाही’ असं लिहा. न आलेल्या साक्यालाही त्यांच्या लेखी किंमत होती. खोट्या साक्याला नव्हती.

दुपारी आम्ही एकाच टेबलावर डबा खायचो. माझ्या डब्यात पोळी आणि बटाट्याची भाजी. त्यांच्या डब्यात सुमनवहिनींच्या हातचं काहीतरी, आणि आठवड्यातून एकदा अंबाडी, म्हणजे इथले तेलुगू लोक जिला गोंगुरा म्हणतात ती. इथले लोक तिची चटणी करतात. सुमनवहिनी तिच्यात भरडलेल्या ज्वारीच्या कण्या घालून घट्ट शिजवायच्या आणि छोट्या डबीत लसणाचं तेल वेगळं द्यायच्या. भालेराव ते तेल वर ओतायचे आणि न बोलता अर्धी भाजी माझ्या झाकणात सरकवायचे. अठरा वर्षं मी ती भाजी खाल्ली. “वहिनींना सांगा हो, फार छान झालीय,” असं दरवेळी म्हटलं. कशी करतात ते एकदाही विचारलं नाही. ग्रंथपाल होते मी, पण ज्या गोष्टी पुस्तकात नाहीत त्या विचारायच्या असतात हे माझ्या डोक्यात शिरलं नव्हतं.

भालेराव रिटायर झाले आणि पुढच्याच वर्षी सुमनवहिनींना झटका आला. उजवी बाजू गेली आणि वाचा गेली. कळत सगळं होतं. डोळे पहिल्यासारखेच तिखट. पण तोंडातून शब्द नाही, आणि लिहून दाखवायचं म्हटलं तर त्या दुसरीतून शाळा सोडून शेतात गेलेल्या. डाव्या हातानं काय लिहिणार? दवाखान्यातून घरी आल्या आणि त्यांनी खाणं सोडलं. गिळता येत होतं, डॉक्टरांनी ते तपासलं होतं. खायचं नव्हतं. दिलसुखनगरात क्लासच्या पोरांसाठी ज्या मेस असतात त्यांतल्या एकीचा डबा लावला, तर भिंतीकडं तोंड. बंगळूरच्या मुलानं फोनवरून स्वयंपाकाची बाई ठरवून दिली, तर तिच्या जेवणाकडंही तोंड फिरवलेलं. महिन्याभरात हाताची कांकणं कोपरापर्यंत सरकू लागली. डॉक्टर म्हणाले, पुढच्या वेळी वजन आणखी घटलेलं दिसलं तर नाकातून नळी घालावी लागेल.

नळ्या भालेरावांनी आयुष्यभर हाताळल्या होत्या. ही त्यांना नको होती.

म्हणून साठी उलटलेला हा माणूस, ज्यानं घरात चहासुद्धा कधी केला नव्हता, एका सकाळी आमच्या ग्रंथालयात येऊन उभा राहिला. तोवर मीही रिटायर होऊन या मराठी ग्रंथालयात बसू लागले होते. “मॅडम, स्वयंपाकाचं पुस्तक पाहिजे. ज्याला काहीच येत नाही त्याच्यासाठी.”

मी तीन दिली. आठ दिवसांत तिन्ही परत. प्रत्येकात कागदाची चिठ्ठी, पेन्सिलीनं लिहिलेली. पहिलीत होतं, ‘भात मोकळा शिजवून घ्यावा असे सुरुवातीलाच म्हटले आहे. मी तिथेच अडलो होतो.’ दुसरीत, ‘दर पानावर चवीनुसार मीठ. ज्याला चव कळते तो पुस्तक का आणेल?’ तिसरं पुस्तक मोठं देखणं होतं, मला स्वतःला ते आवडायचं. त्यात चिठ्ठी होती, ‘फोटो काढणारा जेवून आला होता असे वाटते.’

मग आणखी तीन. एक आहारशास्त्राचं होतं. बीट खाल्ल्यानं रक्ताचं, त्वचेचं, केसांचं काय काय भलं होतं यावर त्यात दोन पानं होती. “शिजतं किती वेळात, ते नाही,” भालेराव म्हणाले. “कच्चंच भलं करत असंल.” एका पुस्तकाची लेखिका प्रस्तावनेत म्हणत होती, की स्वयंपाक ही प्रेमाची गोष्ट आहे, मापाची नाही. भालेरावांनी ती ओळ मला वाचून दाखवली. “हे ज्याला माप सांगता येत नाही तो म्हणतो,” म्हणाले. “माझं काय प्रेम कमी पडायलंय का, मॅडम? डाळ कच्ची राहायलीय.”

मी म्हटलं, पुस्तकं सोडा, आता सगळे मोबाईलवर व्हिडिओ बघून करतात. त्यांनी ते आधीच करून पाहिलं होतं. त्यांचा राग पुस्तकांपेक्षा व्हिडिओंवर जास्त निघाला. त्यांच्या मते व्हिडिओवाली बाई अर्धा वेळ स्वतःच्या सासूबद्दल बोलते, मग कढईत कांदा टाकते, आणि तिथंच चित्र तुटतं. परत येते तेव्हा कांदा लाल झालेला. “आता आपला कांदा छान परतला गेलाय बघा. आपला म्हणे. माझा कुठं? माझा तेवढ्यात जळाला. जिथं माणूस चुकतो तेवढंच नेमकं कापून टाकतात. निरीक्षणच कापतात, मॅडम. कृती दाखवतात.”

हे त्यांचं सगळ्याच पाककृतींबद्दलचं म्हणणं होतं. साहित्य आणि कृती सगळे लिहितात. पातेल्यात काय दिसलं म्हणजे बरोबर, काय दिसलं म्हणजे बिघडलं, आणि बिघडलं तर पुढं काय, हा रकाना कुणी भरत नाही. ज्यांना येतं त्यांना त्याची गरज नसते, आणि लिहितात तेच. मला हे ऐकताना गंमत वाटायची. त्यांना गंमत वाटत नव्हती. वजनकाटा घरात आणून ठेवला होता आणि त्यावर वहिनींना आधार देऊन उभं करायचं काम दर सोमवारी त्यांचंच होतं.

एकदा ते मला सुलतान बाजारात फुटपाथवरच्या जुन्या पुस्तकवाल्याकडं घेऊन गेले. कपड्यांच्या दुकानांच्या गर्दीत, ऑटो अंगावर येत असताना, हा माणूस उकिडवा बसून स्वयंपाकाची पुस्तकं एकेक पान उलटून निवडत होता. मी माझं शहाणपण पाजळलं. म्हटलं, ज्या पानावर हळदीचे डाग आहेत ते बघा, तीच पाककृती वापरलेली.

“हं,” भालेराव म्हणाले. “डाग म्हणजे एकदा केलं. झालं कसं ते डाग सांगत नाही.” मग त्यांनी एक फाटकं पुस्तक माझ्यासमोर धरलं. समासात कुणीतरी पेन्सिलीनं लिहिलं होतं, ‘एक वाटी नको, अर्धीच.’ “हे बघा. ही बाई दुसऱ्यांदा करायला बसली. हिचं ऐकायचं. छापलंय त्याचं नाही.”

पुस्तकवाल्यानं विचारलं, “क्या होना साब?” भालेराव म्हणाले, “जो किताब किसी ने सुधारी, वो होना.” त्याला अर्थात काही कळलं नाही. त्या दिवशी त्यांनी दोन पुस्तकं घेतली, आणि त्यांतल्या एकानं त्यांना मऊ भात आणि पातळ वरण शिकवलं. वहिनींनी चार चमचे खाल्ले. वजनाचा काटा खाली जायचा थांबला, पण वर सरकेना.

आता माझ्याबद्दल सांगायला हवं, आणि ते सांगायला मला फारसं आवडत नाही. आमच्या मराठी मंडळानं काही वर्षांपूर्वी पाककृतींचं एक पुस्तक काढलं होतं, ‘घराघरांतली चव’ नावाचं. संपादक मी. हैदराबादच्या मराठी घरांतला स्वयंपाक, इथलं आणि मराठवाड्यातलं मिसळून झालेला, आपणच लिहून ठेवला पाहिजे असं माझं भाषण होतं आणि त्याला टाळ्या पडल्या होत्या. घरोघरी फिरून मी पाककृती गोळा केल्या. भालेरावांना मी हे पुस्तक मुद्दाम शेवटी दिलं. मनात असं होतं, की आता बघू, हा माणूस कशावर चिठ्ठी लावतो ते.

ते परत आलं तेव्हा आत चिठ्ठी नव्हती. पुस्तकभर पेन्सिल होती.

“नेहमीप्रमाणे हा शब्द एक्केचाळीस वेळा आलाय,” ते म्हणाले. “फोडणी नेहमीप्रमाणे. मसाला नेहमीचा. मी विचारायलो, कुणाच्या नेहमीप्रमाणे? तुमच्या घरी जिरं-हिंग. आमच्या शेजारी रेड्डीबाई, त्यांच्याकडं करेपाक, म्हणजे आपला कढीपत्ता, मूठभर. आमच्या घरी लसूण. ज्याला काहीच येत नाही त्याचं नेहमी कुठून आणायचं?”

मी काहीतरी उत्तर दिलं. पुस्तक जाणकारांसाठी आहे, असं काहीसं. स्वतःच्या पुस्तकाची बाजू घेताना माणूस किती पटकन खोटं बोलतो, हे मला त्या दिवशी समजलं, कारण प्रस्तावनेत मीच लिहिलं होतं की हे नव्या पिढीसाठी आहे.

तो विषय तिथं संपला असता. पण पुढच्याच महिन्यात मंडळाचा मेळावा होता, दुसरी आवृत्ती काढायचं घाटत होतं, आणि आमच्या अध्यक्षांनी हौसेनं वाचकांना अभिप्राय द्यायला बोलावलं. अभिप्राय म्हणजे कौतुक, हे मंडळात सगळ्यांना माहीत असतं. दोघीतिघींनी ते केलंही. मग मागच्या रांगेतून भालेराव उठले. मंडळात त्यांना मी कधी पाहिलं नव्हतं. हातात पुस्तक होतं.

“पान सदतीस,” ते म्हणाले. “अंबाडीची भाजी. इंदूताई देशमुख.”

इंदूताई पहिल्या रांगेत बसल्या होत्या. मंडळातल्या सुगरण म्हणून त्यांचं नाव, आणि ते नाव त्यांनी स्वतः बऱ्याच कष्टानं सांभाळलेलं. त्या वळून हसल्या.

“अंबाडी उकडून पाणी पिळून टाकावे, चवीपुरता गूळ घालावा, फोडणी नेहमीप्रमाणे. मी तीनदा केली. तीनदा घरातल्यांनी तोंड फिरवलं. यात काय राहिलंय ते सांगा.”

“अहो, राहिलं काही नाही,” इंदूताई म्हणाल्या. “हाताला चव असावी लागते.”

“हात माझा आहे, ताई. चव पुस्तकात लिहायची होती.”

लोक हसले. इंदूताई लाल झाल्या, पदर सारखा केला, आणि हळूच म्हणाल्या, “थोडा दाण्याचा कूट घालते मी. ते काय लिहायचं.” यावर हसू आणखी वाढलं. अध्यक्षही हसले. आमच्यात हे सगळ्यांना ठाऊक आहे. पाककृती मागितली की द्यायची, पण एक वस्तू कमी करून. आपल्यासारखं दुसऱ्या कुणाचं होऊ नये एवढी काळजी घेतलीच जाते, आणि मग पुन्हा व्यासपीठावर परंपरा जपण्याच्या गप्पा. भालेराव हसणं थांबायची वाट बघत उभे राहिले. “आणखी कुणी काय लपवलंय ते सांगून टाका,” म्हणाले. “मला घाई आहे.”

आता कुणी हसलं नाही. मग ते माझ्याकडं वळले.

“मॅडम, तुम्ही पुस्तकासाठी घरोघरी फिरलात ना. किती घरं?”

“सेहेचाळीस,” मी म्हणाले. भाषणात हा आकडा मी नेहमी सांगायचे.

“आमचं घर तुमच्यापासून दोन गल्ल्यांवर. तेव्हा सुमन बोलत होती.”

एवढं बोलून ते खाली बसले. आवाज चढवला नाही, “हं” सुद्धा नाही.

घरी येऊन मी पुस्तकामागची यादी काढून बघितली. देशमुख, पाटील, कुलकर्णी, जोशी, पुन्हा पाटील. भालेराव, वाघमारे, सोनकांबळे यांतलं एकही नाव नव्हतं. आमच्याच कॉलनीत, आमच्याच बँकांत आणि ऑफिसांत असलेली ही माणसं; दर एप्रिलला त्यांच्या जयंतीच्या, निळ्या झेंड्यांच्या मिरवणुकीला रस्ता मोकळा करून आम्ही बाजूला उभे राहतो, आणि सेहेचाळीस घरांत त्यांचं घर नाही. कुणी ठरवून वगळलं नव्हतं. लक्षातच आलं नव्हतं, आणि लक्षात न येणं हे ठरवून वगळण्यापेक्षा बरं, असं मी स्वतःला बरेच दिवस समजावत होते. अठरा वर्षं त्या बाईच्या हातचं खाल्लेली मी. मला माझी लाज वाटली, आणि ती अजून गेलेली नाही.

त्यानंतर दीड महिना भालेराव ग्रंथालयात आले नाहीत. मंडळाचं ते पुस्तक त्यांनी परत नेलं होतं, ते त्यांच्याकडंच होतं. शेवटी मीच त्यांच्या घरी गेले. मी त्यांना पाहिलं ते त्या दुपारी शेवटचं. पुढं महिन्याभरात मुलानं दोघांना बंगळूरला नेलं.

दार उघडंच होतं. “या,” आतून भालेराव म्हणाले, “पण बोलू नका. अर्ध्यावर आलोय.”

स्वयंपाकघरात ओट्याजवळ खुर्ची, खुर्चीत उशांचा आधार देऊन बसवलेल्या सुमनवहिनी. मांडीवर स्टीलची ताटली पालथी, डाव्या हातात चमचा. गॅसवरच्या पातेल्यात उकडत ठेवलेली अंबाडी, परातीत कण्या. डब्याला टेकवून उभं केलेलं ‘घराघरांतली चव’, पान सदतीस. भालेरावांनी चष्मा नीट केला आणि शाळेत धडा वाचतात तसं वाचलं, “अंबाडी उकडून.”

वहिनी गप्प.

“पाणी पिळून टाकावे.”

ठक्. चमचा ताटलीवर आपटला. भालेरावांनी ते शब्द पेन्सिलीनं खोडलेले होतेच, त्यावर पुन्हा एक बारीक रेघ मारली. “हे महिन्यापूर्वीच सापडलं,” ते मला म्हणाले. “आता रोज पहिल्यापासून वाचतो. मधेच काहीतरी नवीन निघतं.” मग वहिनींकडं वळून, “गूळ?”

प्रश्न पुरा व्हायच्या आत ठक्.

“कण्या?” त्यांनी मूठ भरून पातेल्यावर धरली. एक मूठ पडली, वहिनी गप्प. दुसरी पडली, गप्प. तिसरी उचलली तशी ठक्. समासात त्यांनी लिहिलं, ‘दोन मुठी. माझ्या.’ कण्या शिजून घट्ट झाल्या तसं कढल्यात तेल आणि ठेचलेला लसूण. भालेराव कढल्यावर वाकले, वहिनीही खुर्चीत जमेल तेवढ्या पुढं वाकल्या. लसूण पिवळा झाला. कडा तांबूस झाल्या. मला वाटलं झालं, काढा आता. चमचा वाजेना. लसूण आणखी गडद झाला, वास बदलला, आणि मग ठक्, जोरात. भालेरावांनी गॅस बंद केला आणि पुस्तकात छापलेल्या ‘फोडणी नेहमीप्रमाणे’ या शब्दांच्या वर बारीक अक्षरात काय दिसलं ते लिहू लागले.

“कोरा कागद समोर घेतला तर तिला काहीच सांगता येत नव्हतं,” लिहिता लिहिता ते म्हणाले. “ती फक्त चूक सांगू शकते. मग चुकीचं काहीतरी वाचून दाखवायला लागतं. सगळी पुस्तकं वाचून बघितली. तुमचं फार उपयोगी पडलं, मॅडम. इतकं चुकीचं दुसरं मिळालं नाही.”

वहिनी अर्ध्या तोंडानं हसल्या. त्या हसल्या तेव्हा मी त्यांच्या हाताकडं बघितलं. कांकणं मनगटाशी होती.

भालेरावांनी वाटी भरली, लसणाचं तेल वर ओतलं, आणि चमचा वहिनींच्याच डाव्या हातात दिला. त्यांनी सावकाश, सांडत-लवंडत, वाटी संपवली. दुसरी मागितली, म्हणजे रिकामी वाटी पुढं केली. वजन तीन आठवडे वर जात होतं आणि डॉक्टरांनी नळीचं नाव पुन्हा काढलं नव्हतं, हे त्यांनी मला सहज सांगितलं.

मला फार भरून आलं होतं, आणि भरून आलं की मी संपादक होते. मी म्हणाले, “दुसऱ्या आवृत्तीत ही भाजी घेऊ या. पान सदतीस काढून टाकते. वहिनींच्या नावानं छापू.”

भालेराव पातेलं पुसत होते. “मला काय विचारता? भाजी तिची आहे. तिथं बसलीय ती.”

मी खुर्चीजवळ खाली बसले. वहिनींनी माझ्याकडं बघितलं. अठरा वर्षं डब्याच्या झाकणात ज्यांचं खाल्लं त्यांच्या इतक्या जवळ मी पहिल्यांदाच बसले होते. “वहिनी,” मी विचारलं, “तुमची अंबाडी आमच्या पुस्तकात घेऊ का?”

त्यांनी घाई केली नाही. डोळे माझ्यावरच ठेवून त्यांनी डाव्या हातानं ताटली मांडीवर नीट टेकवली, चमचा उचलला.

ठक्.

एकदाच. भालेरावांनी त्याचा अर्थ मला समजावून सांगितला नाही, आणि वहिनींची समजूतही काढली नाही. त्यांनी एक ताट घेतलं, भाकरी ठेवली, भाजी वाढली, तेल ओतलं आणि ते माझ्यासमोर फरशीवर आणून ठेवलं.

“जेवून घ्या, मॅडम. आधीसारखं.”

मी जेवले. चव तीच होती. नजर वर करायची हिंमत होत नव्हती, म्हणून ताट पुसून खाल्लं. निघताना भालेराव दारापर्यंत आले, खिशातल्या दोन पेन्सिलींपैकी एक काढून माझ्या हातावर ठेवली आणि परत आत गेले.

जिना उतरू लागले तेव्हा आतून त्यांचा वाचण्याचा आवाज पुन्हा सुरू झाला. त्यांनी पान उलटलं होतं. पान अडतीसवर साधं वरण आहे, आणि ते माझं आहे. माझं नाव त्यांनी स्वच्छ, ठळक वाचलं. मग म्हणाले, “तूरडाळ मऊ शिजवून घ्यावी.”

ठक्.

मी जिन्यातच थांबले, पेन्सिल हातात धरून. पुढं काय म्हणतात ते ऐकायला.